दोन फूट शेषांत्र

माणूस विसरतो, त्याचं आतडं विसरत नाही.

हे वाक्य पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेच्या दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे. ते ज्या संचालकांनी पहिल्यांदा उच्चारलं, त्यांना त्याच्या पुढचं भाषण ऐन व्यासपीठावर आठवेना. ते मिनिटभर श्रोत्यांकडे पाहत राहिले, पेल्यातलं पाणी प्यायले आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं, एवढंच म्हणायचं असेल.

टाळ्या वाजवणाऱ्यांत रत्नागिरीतल्या आपल्या घरी पडद्यासमोर बसलेला निरंजन कातळकरही होता. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, त्यामुळे शोध काय आहे ते त्याला बऱ्यापैकी कळलं. तो आपल्यालाही लागू आहे, हे कळायला मात्र तीन वर्षं जावी लागली.

शोध तसा साधा होता. आपलं लहान आतडं सुमारे वीस फूट लांब असतं आणि त्याच्या शेवटच्या भागाला शेषांत्र म्हणतात. तिथल्या अस्तरात लसपेशींचे ठिपके असतात. त्यांचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं. पोटात उतरणारा प्रत्येक घास शरीराच्या दृष्टीने परका. वरणातला असो, दुधातला असो. त्याच्यावर तुटून न पडता त्याला आत घ्यायचं, तर ओळख ठेवावी लागते. म्हणून हा वॉचमन वहीत लिहून ठेवतो, की हा येऊन गेला, याचा त्रास नाही, पुढच्या वेळी अडवू नका. इतकं वैद्यकाला जुनंच ठाऊक होतं. नवं सापडलं ते एवढंच, की वॉचमन तारीखही घालतो. नोंद ठेवणाऱ्या पेशी विभागतात तेव्हा त्यांच्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा चढत जातात, झाडाच्या खोडात वर्षागणिक वलयं चढावीत तशा. त्या खुणा वाचता आल्या की माणसाने गेल्या तीसेक वर्षांत काय खाल्लं, तेही वाचता येतं. त्यासाठी एक गोळी गिळायची. गोळीत दिवा, भिंग आणि वाचनयंत्र. ती शेषांत्रातून सावकाश उतरते आणि दुसऱ्या दिवशी तक्ता हातात येतो. या तक्त्याला आंत्रलेख असं नाव पडलं. त्यात तारीख थोडी इकडेतिकडे होई. पण सात-सात दिवसांनी पुन्हा येणारी गोष्ट इतका घट्ट ठसा उमटवते की वार चुकत नसे.

सुरुवातीला मधुमेहाचे डॉक्टर आंत्रलेख मागत. मग विमावाले मागू लागले. मग वधूवर मंडळांनी पत्रिकेबरोबर तो जोडायला सुरुवात केली, आणि चिपळुणात एक ठरलेलं लग्न मुलाने २०३३ साली खाल्लेल्या एका अंड्यावरून मोडलं. तो केक होता, असं मुलगा शेवटपर्यंत सांगत होता. मग गृहनिर्माण संस्था आल्या, शाळा आल्या. एका देवस्थानच्या विश्वस्तांनी आपापले आंत्रलेख स्वखुशीने जाहीर करायचं ठरवलं आणि नंतर ते स्वखुशीनेच बेमुदत पुढे ढकललं. सक्ती कुठेच नव्हती. ज्याने लेख दिला नाही, त्याच्याकडे लोक नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ बघत, एवढंच.

निरंजनचं खरं काम कॉलेजात नव्हतं. तो कातळकर कुलमंडळाच्या कुलवृत्तान्ताचा संपादक होता. पृथ्वीच्या पाठीवरच्या यच्चयावत कातळकरांची त्यात नोंद. कोण कोणाचा मुलगा, कधी जन्मला, काय शिकला, कुठे नोकरी केली, आणि शेवटी ‘विशेष’ नावाचा रकाना. त्यात लोक ‘पेटी वाजवतात’ किंवा ‘गिरनार दोनदा’ असं लिहून पाठवत. २०१९ची आवृत्ती निरंजनने काढली होती. सहाशे बारा पानं आणि मुद्रणदोष एकही नाही. ही गोष्ट तो नव्या ओळखीच्या माणसाला साधारण दहाव्या मिनिटाला सांगायचा. बायको रेवती, शाळेत शिक्षिका, अशा वेळी चहा बघायला आत जायची.

त्या आवृत्तीत एक ओळ कमी होती. निरंजनचे वडील गजानन वासुदेव कातळकर हे आधीचे संपादक. २०१७ साली ते वारले तेव्हा नव्या आवृत्तीचं हस्तलिखित त्यांच्या टेबलावर तयार होतं आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या नोंदीखाली, मुलीच्या नावावर, लाल शाईची एक रेघ होती. पट्टी लावून मारलेली. वृंदा, निरंजनची थोरली बहीण. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती. तिथे हाताला टाके घालून घ्यायला आलेल्या संजय तांडेल नावाच्या बोटीच्या इंजिनाच्या मिस्त्रीशी तिने लग्न केलं आणि मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीत राहायला गेली. वडिलांनी पुन्हा तिचं नाव घेतलं नाही आणि तिच्या घरचं पाणी पिणार नाही, असं निरंजनकडून वदवून घेतलं. निरंजनने हस्तलिखित होतं तसं छापलं. संपादकाने लेखकाच्या मजकुरात ढवळाढवळ करू नये, असं त्याचं मत होतं.

छापून आल्यावर मात्र त्याला राहवेना. एका बुधवारी, सकाळची प्रॅक्टिकल आटोपून, तो वृंदाकडे माफी मागायला गेला. तिने त्याला पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार, भात आणि सोलकढी. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. तो जेवला. माफी राहून गेली, म्हणून पुढच्या बुधवारी पुन्हा गेला. असं बावीस वर्षं चाललं. माफी अजून मागायची होती.

२०४१च्या जानेवारीत कुलमंडळाची सभा पडद्यावर भरली. अध्यक्ष अनंतकाका, वय एकोणऐंशी, मुक्काम पुणे. नव्या आवृत्तीत प्रत्येक सभासदाच्या नोंदीसोबत त्याचा आंत्रलेख छापावा, अशी सूचना त्यांनी मांडली. आपल्या पूर्वजांनी वंशावळी जपल्या, आपण विज्ञानाच्या मदतीने आचार जपू, असं ते म्हणाले. यातून कुणालाही वगळायचं नाही, ज्याचं जे असेल ते छापायचं, बस. यावर कुणी काही बोललं नाही. बोलायचं म्हणजे आपल्या आतड्यात काहीतरी आहे असं होणार होतं.

नियम करायचं काम अर्थात निरंजनकडे आलं. समोर नियमावली दिसली की त्याची बुद्धी स्वतंत्रपणे चालू लागे आणि माणूस म्हणून तो मागे राही. त्याने एका बैठकीत नऊ नियम लिहिले. सहावा असा, की हयात सभासदांपैकी ज्याचा लेख अपूर्ण त्याची नोंद अपूर्ण, आणि अपूर्ण नोंद छापू नये. सातवा असा, की आजारपणामुळे शेषांत्र काढावं लागलं असेल त्याला लेख माफ. धुळ्याच्या एका काकूंचं आतडं क्षयाने गेलं होतं, त्यांची सोय. म्हातारी माणसं कागद हरवतात, म्हणून आठवा. सभासदाचा आंत्रलेख कोणत्याही प्रयोगशाळेत झाला तरी त्याची प्रत आपोआप मंडळाच्या संगणकात यावी. हे सगळं एकमताने मंजूर झालं. संपादकाने पहिला लेख देऊन पायंडा पाडावा, असं अनंतकाकांनी सुचवलं, तेही.

त्या रात्री निरंजनला कळलं की आपण काय केलं आहे. नुसत्या माशाचं त्याला एवढं भय नव्हतं. पण तक्त्यात वार येणार होता. बावीस वर्षांचे बुधवार ओळीने छापून आले असते, आणि रत्नागिरीत एखाद्या कातळकराला दर बुधवारी बांगडा कोण वाढेल, हे ओळखायला यंत्राची गरज नव्हती. बहिणीचं नाव गाळणारा तिच्याच पंक्तीला बसतो, हे सहाशे पानांत कायमचं राहिलं असतं. मुद्रणदोषाशिवाय.

पुढच्या बुधवारी त्याने वृंदाला नव्या आवृत्तीबद्दल सांगितलं, आंत्रलेखाचं सोडून. ती बासष्ट वर्षांची झाली होती. संजयला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात ती एकटीच होती. तिने त्याच्या ताटात सार वाढलं, मग पळी भांड्यातच ठेवून म्हणाली,

“निरू, यंदा माझं नाव घालशील?”

बावीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं.

“लग्न नको लिहूस,” ती म्हणाली. “ह्यांचं नाव नको, मिरकरवाडा नको. वृंदा, जन्म एकोणीसशे एकोणऐंशी, परिचारिका. एक ओळ. मी जन्मले होते, एवढंच.”

“बघतो,” निरंजन म्हणाला.

हा शब्द तो कमिटीत दिवसाला दहादा वापरायचा. या घरात पहिल्यांदाच वापरला. वृंदाने पुन्हा पळी उचलली आणि बांगड्याचा मधला तुकडा शोधून त्याला वाढला.

घरी आल्यावर त्याने दोन्ही बाजू नीट मांडल्या. एक ओळ म्हणजे छापील पानावर अकरा सेंटिमीटर. ती घातली तर कमिटी विचारणार, आत्ताच का, आणि मग गोळी उत्तर देणार. संपादकपद सोडावं, तर लोक विचारणार, का सोडलं. तिसरा मार्ग आता वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर दिसू लागला होता, ‘पोटाच्या जुन्या तक्रारींपासून कायमची मुक्ती’ अशा शब्दांत. शेषांत्राचा शेवटचा साठ सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे सुमारे दोन फूट, काढून टाकायचा. वही नाही तर नोंद नाही. सातव्या नियमाखाली लेख माफ. मग सावकाश, एखाद्या वर्षाने, पुरवणीत वृंदाची ओळ घालता आली असती. कुणाला संशय आला नसता. निरंजनला आपल्या विचारात एकही चूक सापडली नाही.

रत्नागिरीत बोभाटा झाला असता, म्हणून तो कोल्हापूरला गेला. डॉ. सानिका वारंग चाळिशीच्या होत्या. त्यांनी त्याचे फोटो उजेडाला धरून पाहिले आणि खाली ठेवले.

“सर, तुमच्या आतड्याला आकुंचन झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पत्रात मी ‘आकुंचनाची लक्षणे’ असं लिहीन, कारण लक्षणं तुम्ही सांगताय. पण झालेलं नाही, हे आपल्या दोघांना माहीत असलेलं बरं.”

निरंजनने विचारलं, असे बरेच येतात का. या महिन्यातले तुम्ही चौदावे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर वीस फुटांचं आतडं एका वेटोळ्यात काढलं आणि शेवटच्या टोकावर दोन आडव्या रेघा मारल्या. ऑपरेशन अवघड नाही, हे त्यांनी सांगितलं. बेंबीपाशी चार छोटी भोकं पाडायची, दोन रेघांमधला तुकडा कापून काढायचा, उरलेली टोकं यंत्राने एकमेकांना टाचायची. पाचव्या दिवशी घरी. अवघड असतं ते पुढचं. आतड्याचा एक भाग गेला की उरलेला भाग त्याची कामं शिकून घेतो, फार समजूतदार असतो. पण शेवटच्या दोन फुटांची दोन कामं दुसरं कुणीच शिकत नाही. एक म्हणजे पित्त परत शोषून घेणं. ते थांबलं की तेलकट, चरबीचं पचत नाही, धावपळ होते. दुसरं म्हणजे बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व.

“यकृतात साठा असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “तीन-चार वर्षं पुरतो. म्हणून लोकांना वाटतं, काही झालं नाही. मग एक दिवस पायाखालची फरशी लागत नाही. त्यानंतर माणूस विसरायला लागतो. दर महिन्याला इंजेक्शन, जन्मभर. चुकवायचं नाही.”

“म्हणजे आतड्यातलं पुसलं की डोक्यातलंही जातं.”

“इंजेक्शन चुकवलंत तर. कशासाठी करताय, विचारू का?”

“कौटुंबिक आहे.”

“सगळ्यांचं तेच असतं,” डॉ. वारंग म्हणाल्या आणि संमतिपत्र पुढे केलं.

संमतिपत्र चार पानी होतं. निरंजनने ते शब्दन् शब्द वाचलं, खिशातलं लाल पेन काढून. दुसऱ्या पानावरचा एक निसटलेला अनुस्वार जागेवर आणला, अकराव्या कलमात एक स्वल्पविराम घातला आणि सही केली. जवळची नातेवाईक म्हणून रेवतीने सही केली. तिला त्याने आकुंचनाचंच सांगितलं होतं. तिने काही विचारलं नाही. तिने फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ.

ऑपरेशन सुरळीत झालं. चौथ्या दिवशी दुपारी निरंजन उशाला टेकून पातळ पेज पीत होता आणि रेवती खिडकीशी बसली होती, तेव्हा तिचा फोन वाजला. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

“तुझा अहवाल आलाय.”

“कसला अहवाल?”

“काढलेल्या तुकड्याचा. माणसाच्या शरीरातून जे काही काढतात ते तपासणीला जातंच, निरंजन. अकरावं कलम. तू त्यात दुरुस्ती केलीस की.” आणि तिने शाळेत सूचना वाचून दाखवतात तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. “आकुंचन किंवा अन्य आजार आढळला नाही. काढलेल्या भागाचे संपूर्ण वाचन केले. मुख्य आहार शाकाहारी. मासे, बहुतांशी बांगडा, नऊशे एकाहत्तर वेळा. वार, बुधवार. दरवर्षी श्रावणात चार आठवड्यांचा खंड.”

तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

“श्रावण पाळलास ते बरं केलंस.”

गोळी वाचते ते वरवरचं, आतडं पोटात असतं तोवर. बाहेर काढून टेबलावर पसरलेलं आतडं अक्षरन् अक्षर वाचता येतं. हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचायला हरकत नव्हती. निरंजनने पेजेची वाटी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. माफीचं सांगितलं, सोलकढीचं सांगितलं, वडिलांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं. रेवतीने मध्येच हात वर केला.

“मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. बुधवारी रात्री तू भात नुसता चिवडायचास. टाकून द्यावा लागायचा. मग मी बुधवारी एकाच वाटीचा लावायला लागले. बावीस वर्षांत तू एकदा विचारलं नाहीस, आज भात कमी का.” तिने पेजेची वाटी बाजूला सरकवली. “वृंदाताईंनी फोनही केला होता. तिरफळाने तुझा घसा धरतो का, विचारायला.”

“मग तू काही बोलली कशी नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले.”

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. रेवतीने फोन पुन्हा सुलटा केला.

“ही प्रत आणखी कुठे पाठवली, ते खाली लिहिलंय,” ती म्हणाली. “कातळकर कुलमंडळ, पुणे. नियम आठ.”

अनंतकाकांचा फोन आठवड्याने आला. ते इतक्या प्रेमाने बोलले की निरंजनच्या टाक्यांमध्ये कळ आली. मासे खाल्ल्याचं आपल्याला काही नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. स्वतःचा मुलगा टोरांटोत काय काय खातो ते आपण विचारतही नाही, परदेशस्थांना सवलतच ठेवली आहे. अडचण निराळीच होती.

“तू डॉक्टरांचं पत्र जोडलंस, त्यात आकुंचन आहे,” काका म्हणाले. “अहवालात ते नाही. म्हणजे सातवा नियम लागत नाही. अहवालात काढलेला तुकडाच वाचलाय, पुढचं गोळीने वाचायला आता शेषांत्र नाही. म्हणजे सहावा लागतो. अपूर्ण नोंद छापता येत नाही रे. आम्ही तिघंचौघं बसलो, पळवाट शोधली. सापडत नाही. फार नेमकं लिहिलंयस.”

निरंजनने आभार मानले. सवयीने.

त्याच महिन्यात त्याने वृंदाला सगळं सांगितलं. ती सदतीस वर्षं नर्स होती. ऐकताना तिने एकदाच तोंड उघडलं. “काढलेलं तपासणीला जातं, हे वॉर्डातल्या आयासुद्धा सांगतात. मला विचारायचंस तरी.” तिची ओळ राहिली, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून इंजेक्शन द्यायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी.

कुलवृत्तान्त छापून यायला चौदा महिने लागले. तोवर पुण्याच्या त्या संस्थेने नवी गोळी काढली होती. प्रत्येक विहिरीच्या, प्रत्येक नळाच्या पाण्यातले क्षार वेगळे असतात आणि तेही शेषांत्रात नोंदले जातात, असं आढळलं होतं. जुन्या गोळीला काय खाल्लं ते कळायचं. नव्या गोळीला कुणाच्या घरचं पाणी प्यायलं तेही कळणार होतं. सक्ती अर्थातच नव्हती. रेवतीच्या शाळेने जूनपासून सर्व शिक्षकांकडून नव्या गोळीचा लेख मागवला होता, स्वखुशीने.

कुरियर आलं तो नेमका पहिला बुधवार होता. पाकिटावर ‘माजी संपादक यांस सस्नेह भेट’ असं लिहिलं होतं. निरंजनने पाकीट न फोडता काखेत घातलं आणि निघाला. रेवती पायात चपला घालून दारात उभी होती.

“मी पण येते,” ती म्हणाली.

मिरकरवाड्याच्या त्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. वृंदाने तिला आत घेतलं, पाट मांडला, आणि मग जरा घुटमळून विचारलं, “तुझ्यासाठी वरण लावू का गं?”

“काय केलंय तेच वाढा, ताई.”

वृंदाने आधी निरंजनच्या दंडावर इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरायला सांगितला, आणि तिघांची पानं घेतली. बांगड्याची चरबी निरंजनला आता पचत नव्हती. त्याच्या ताटात मऊ भात आणि मेतकूट आलं. रेवतीच्या ताटात बांगड्याचं सार आलं आणि वर पाण्याचा तांब्या. तिने काटा काढायची रीत विचारून घेतली. मग पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि घोटभर पाणी प्यायली.

“तिरफळं जास्त झाली का?” वृंदाने विचारलं.

“नाही. बरोबर आहेत,” रेवती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. निरंजन तिच्याकडे पाहत राहिला. अजून काही तासांनी तो घास वीस फूट उतरून शेवटाला पोचणार होता. तिथला वॉचमन वही उघडणार होता. वार घालणार होता, पाणी कुठलं तेही घालणार होता. जून दोन महिन्यांवर आला होता.

जेवणं झाल्यावर वृंदाने हात पुसले आणि पाकीट फोडलं. जाडजूड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचा कुलवृत्तान्त. संगणकच आता नोंदी जुळवायचा. ज्यांच्या नोंदी आहेत त्यांना त्यांच्या आईवडिलांखाली आपोआप बसवायचा. कुणाची मुलं किती, हे तो त्यावरून मोजायचा. आपलं नाव नाही हे माहीत असूनही वृंदाने चष्मा लावला आणि वडिलांचं पान काढलं. तिने ते एकदा वाचलं. मग पुस्तक निरंजनकडे सरकवलं.

‘गजानन वासुदेव कातळकर. जन्म १९४९. मृत्यू २०१७. शिक्षण बी.ए. नोकरी टपालखाते. विशेष : कुलवृत्तान्ताच्या दोन आवृत्त्यांचे संपादन. संतती नाही.’

“चला,” वृंदा म्हणाली, “आता भेदभाव तरी राहिला नाही.”

ती ताटं उचलून आत गेली. रेवती तिच्या मागोमाग तांब्या घेऊन गेली. निरंजनने दंडावरचा कापूस टाकला, सवयीने खिशातलं लाल पेन काढलं आणि ते पान वरपासून खालपर्यंत तपासलं.

मुद्रणदोष एकही नव्हता.